महाखंडांची घडण आणि भंग : राळेगाव परिसराची साक्ष

यवतमाळ जिल्ह्यातील राळेगाव तालुक्यात एखाद्या शिवारात विहिरीचे काम चालू असते. वरचा काळ्या मातीचा थर संपतो, पांढुरकी चुनखडीची माती लागते, तिच्याखाली मुरूम येतो आणि मुरमाखाली काळा कातळ. कातळ लागला की काठावर उभे असलेले शेतकरी गप्प होतात. आता सुरुंग लावावे लागणार, खर्च वाढणार आणि एवढे करूनही पाणी लागेलच याची शाश्वती नाही. शेजारच्या शेतात तीस फुटांवर पाणी लागले, मग येथे पन्नास फुटांवरही विहीर कोरडी का, या प्रश्नाचे उत्तर नशिबात शोधण्याची आपली जुनी सवय आहे. वास्तविक ते उत्तर त्या कातळातच असते. आणि त्या कातळाचा इतिहास म्हणजे पृथ्वीवरील प्राचीन खंडांच्या घडणीचा व भंगाचा इतिहास होय.

शालेय भूगोलाच्या पुस्तकात पँजिया, गोंडवनभूमी, टेथिस समुद्र ही नावे येतात. विद्यार्थी ती पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात, कारण ही सारी कथा कोठल्या तरी दूरच्या प्रदेशात घडली असावी असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात या कथेचे महत्त्वाचे अध्याय ज्या भूमीवर लिहिले गेले, ती वर्धा नदीच्या खोऱ्याची भूमी आहे. गावाच्या पाण्याचा, जमिनीचा व खनिजांचा विचार करणाऱ्या प्रत्येकाला हे अध्याय वाचता आले पाहिजेत. ते कसे वाचावेत, हे या लेखात पाहावयाचे आहे.

वर्धेच्या काठाने एक प्रवास

राळेगाव तालुक्याच्या एका सीमेवरून वर्धा नदी वाहते. पलीकडे हिंगणघाटचा प्रदेश आहे. नदी येथून आग्नेयेकडे जाते, वाटेत पैनगंगेचे पाणी घेते, पुढे वैनगंगेला मिळून प्राणहिता हे नाव धारण करते आणि सिरोंचाजवळ गोदावरीत विलीन होते. नदीची ही आग्नेय दिशा लक्षात ठेवावी. तिचे कारण पुढे येणार आहे.

राळेगावहून या दिशेने निघालेला प्रवासी एका दिवसात पृथ्वीच्या इतिहासातील चार युगे ओलांडतो. राळेगाव येथे पायाखाली बेसाल्ट, म्हणजे लाव्हा थिजून झालेला काळा खडक आहे. त्याचे वय सुमारे ६.६ कोटी वर्षे. वणी परिसरात पोहोचेपर्यंत बेसाल्टाची चादर पातळ होऊन जागोजागी संपते आणि तिच्याखालचे वालुकाश्म व दगडी कोळशाचे थर उघडे पडतात. त्यांचे वय सुमारे २५ ते ३० कोटी वर्षे. वणीच्या दक्षिणेस झरी-जामणी तालुक्यात मुकुटबनकडे वळल्यास चुनखडक लागतो. भूवैज्ञानिक त्यास पैनगंगा गटाचा चुनखडक म्हणतात. तो १०० कोटी वर्षांहून जुना असून एका प्राचीन उथळ समुद्राच्या तळाशी साचला. आणखी पूर्वेकडे, चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात, ग्रॅनाइट व पट्टिताश्म या जातीचे स्फटिकमय खडक आहेत. त्यांपैकी अनेक २५० कोटी वर्षांहून जुने आहेत. त्यांच्या समूहास बस्तरचे प्राचीन भूखंड म्हणतात.

महाराष्ट्राच्या सुमारे चार पंचमांश भागावर बेसाल्ट पसरलेला आहे. सह्याद्रीत त्याच्या थरांची एकूण जाडी दोन किलोमीटरच्या घरात जाते, त्यामुळे पुणे-सातारा भागातील माणसाला खालचे जुने खडक सहसा दिसत नाहीत. यवतमाळ जिल्ह्याचा पूर्व भाग मात्र या चादरीच्या काठावर आहे. काठ उचलून खाली डोकवावे तसे येथे जुने खडक पाहता येतात. राळेगाव परिसराचे महत्त्व या स्थानामुळे आहे.

खंड सरकतात हे कसे कळले?

खंड स्थिर नाहीत ही कल्पना जर्मन हवामानशास्त्रज्ञ आल्फ्रेड वेगेनर यांनी १९१२ साली मांडली आणि १९१५ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. दक्षिण अमेरिका व आफ्रिका यांचे किनारे एकमेकांत बसतात. दोन्हीकडचे खडक व जीवाश्म जुळतात. तेव्हा ही भूमी एके काळी अखंड असली पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता. परंतु एवढे प्रचंड खंड कोणत्या शक्तीने सरकले, याचे समाधानकारक उत्तर त्यांना देता आले नाही. बहुसंख्य भूवैज्ञानिकांनी त्यांचा सिद्धांत नाकारला. १९३० साली ग्रीनलंडच्या हिमप्रदेशात संशोधन करीत असतानाच वेगेनर यांचा मृत्यू झाला.

उत्तर मिळण्यास आणखी तीस वर्षे लागली. पृथ्वीचे कवच व त्याखालील प्रावरणाचा वरचा कठीण भाग मिळून जे आवरण होते, ते अनेक तुकड्यांत विभागलेले आहे. या तुकड्यांना भूपट्ट म्हणतात. खालचे प्रावरण घन असले तरी अतिशय उष्णतेमुळे कोट्यवधी वर्षांच्या कालावधीत ते मंद गतीने वाहते. महासागरांच्या मध्यभागी असलेल्या डोंगररांगांत नवा खडक तयार होऊन सागरतळ दोन्ही बाजूंना सरकतो, तर खोल गर्तांमध्ये जुना सागरतळ पुन्हा खाली जातो. सागरतळ पसरत असल्याचा विचार हॅरी हेस यांनी १९६२ साली मांडला आणि त्या दशकाअखेर भूपट्टांचा सिद्धांत सर्वमान्य झाला.

या शोधात आपल्या काळ्या कातळाचाही वाटा आहे. लाव्हा थिजत असताना त्यातील लोहयुक्त खनिजांचे कण त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेने मांडले जातात आणि खडक घट्ट झाल्यावर ती मांडणी कायम राहते. विषुववृत्ताजवळ ही दिशा जवळजवळ आडवी असते व ध्रुवांकडे जावे तसतशी ती अधिकाधिक कलती होत जाते. म्हणून खडकातील चुंबकत्वाचा कल मोजला, की तो खडक कोणत्या अक्षांशावर थिजला हे सांगता येते. दख्खनच्या बेसाल्टाची अशी मोजमापे १९५० च्या दशकात झाली. १९५६ साली जे. ए. क्लेग व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांवरून हा खडक विषुववृत्ताच्या दक्षिणेस थिजला असून नंतर भारतासह उत्तरेकडे सरकला, हे दिसून आले. आज २० अंश उत्तर अक्षांशावर असलेल्या राळेगावच्या विहिरीतील दगड दक्षिण गोलार्धात जन्मला आहे. ज्या दगडाला आपण केवळ अडथळा समजतो, त्याच्या जातीच्या खडकाने वेगेनर यांच्या बाजूने साक्ष दिली.

जोडणीच्या खुणा

पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे आहे. या दीर्घ काळात खंड एकदाच जोडले गेले आणि एकदाच तुटले असे नाही. बहुतेक सर्व भूखंड एकत्र येऊन एक महाखंड तयार व्हावा, काही कोटी वर्षांनी तो भंगावा आणि तुकडे वेगळ्या रचनेत पुन्हा जुळावेत, असे चक्र चालत आले आहे. सुमारे १८० कोटी वर्षांपूर्वी घडलेल्या महाखंडास कोलंबिया, सुमारे ११० ते १०० कोटी वर्षांपूर्वी घडलेल्या महाखंडास रोडिनिया आणि सुमारे ३३ कोटी वर्षांपूर्वी घडलेल्या महाखंडास पँजिया अशी नावे आहेत. जितके मागे जावे तितके पुरावे विरळ होतात, त्यामुळे पहिल्या दोहोंच्या रचनेविषयी शास्त्रज्ञांत मतभेद आहेत.

स्वतः भारतही मूळचा एकसंध नाही. धारवाड, बस्तर, सिंगभूम, बुंदेलखंड, अरवली अशी प्राचीन भूखंडे जुळून तो बनला. सातपुड्याच्या परिसरात उत्तरेकडील बुंदेलखंड व दक्षिणेकडील बस्तर ही भूखंडे एकमेकांना भिडली. त्या भेटीत दाबले व भाजले गेलेले खडक नागपूर व भंडारा जिल्ह्यांत आढळतात, आणि मनसर, डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीजच्या खाणी याच खडकांत आहेत. म्हणजे विदर्भाच्या या खनिजाचा संबंध खंडांच्या जोडणीशी पोहोचतो.

बस्तर व धारवाड यांच्यामधील सांधा वर्धा, प्राणहिता व गोदावरी यांच्या खोऱ्यातून आग्नेयेकडे जातो. हा सांधा नेहमी दुबळा राहिला. तुटलेले हाड जुळले तरी ताण पडल्यावर तेथेच ठणकते, तसे येथे झाले. १०० कोटी वर्षांहून पूर्वी ताण पडून ही पट्टी खचली, तीत समुद्र शिरला व मुकुटबनकडील चुनखडकाचे थर साचले. पुढे सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी ती पुन्हा खचू लागली. दोन्ही बाजूंना विभंग आणि मध्ये खाली बसलेली जमीन, अशा रचनेस खचदरी म्हणतात. वर्धेचे खालचे खोरे हा गोदावरी-प्राणहिता खचदरीचा वायव्येकडील भाग आहे. नदीच्या आग्नेय दिशेचे कारण ते हेच.

गोंडवन : नाव आपल्या भूमीचे

दुसऱ्यांदा खचलेल्या या दरीत जे गाळाचे थर साचले, त्यांना नाव देण्याचा प्रश्न भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यापुढे आला तेव्हा एच. बी. मेडलिकॉट यांनी १८७२ साली ‘गोंडवन’ हे नाव सुचविले. गोंडांचा देश तो गोंडवन. ओटो फाइस्टमँटेल यांनी १८७६ मध्ये ते नाव छापील स्वरूपात वापरले आणि ऑस्ट्रियन भूवैज्ञानिक एडुआर्ट झ्यूस यांनी १८८५ साली दक्षिण गोलार्धातील प्राचीन विशाल भूमीला ‘गोंडवनभूमी’ असे संबोधले. आज दक्षिण आफ्रिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंतच्या विद्यापीठांत हा शब्द उच्चारला जातो. राळेगाव, कळंब, केळापूर, मारेगाव या तालुक्यांत गोंड समाजाची वस्ती आहे. त्या समाजातील मुलांना आपल्या पूर्वजांच्या देशाचे नाव पृथ्वीच्या इतिहासात कोरले गेले आहे, हे शिक्षकांनी आवर्जून सांगितले पाहिजे.

गोंडवनभूमीत भारत, आफ्रिका, मादागास्कर, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया व अंटार्क्टिका हे सर्व प्रदेश जोडलेले होते. सुमारे ६० ते ५३ कोटी वर्षांपूर्वी तिची जुळणी पुरी झाली. पुढे ती उत्तरेकडील खंडांशी जोडली जाऊन पँजिया निर्माण झाला. त्या वेळी आपला प्रदेश दक्षिण ध्रुवाकडे फार खाली होता व सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी त्यावर बर्फाची जाड चादर पसरली होती.

उन्हाळ्यात ४५ अंश तापमान सोसणाऱ्या विदर्भावर एके काळी हिमनद्या वाहत होत्या, हे प्रथम ऐकणाऱ्याला खरे वाटत नाही. एकोणिसाव्या शतकातील भूवैज्ञानिकांनाही ते वाटले नव्हते. १८५६ साली ओडिशातील तालचेर येथे बारीक गाळात रुतलेले मोठमोठे गोटे आढळले आणि ते बर्फाने वाहून आणले असावेत असे अनुमान निघाले. खात्रीचा पुरावा मिळाला तो चंद्रपूरजवळ. १८७० च्या दशकात फ्रान्सिस फेडन यांना चंद्रपूरच्या नैर्ऋत्येस इरई येथे चुनखडकाचा एक पृष्ठभाग दिसला. तो घासून गुळगुळीत झालेला होता व त्यावर समांतर चरे उमटलेले होते. वरच्या गोट्यांवरही तसेच ओरखडे होते. सरकत्या बर्फात अडकलेले दगड खालचा खडक असा घासतात. दक्षिण आफ्रिका, दक्षिण अमेरिका व ऑस्ट्रेलिया येथेही जवळपास त्याच काळातील असे चरे आढळले. हे सर्व प्रदेश ध्रुवाभोवती एकत्र होते असे मानले, तरच या पुराव्याचा अर्थ लागतो.

बर्फ वितळले. खचदरीत दलदली व नद्या पसरल्या. थंड हवामानात घनदाट वने वाढली आणि त्यांत जिभेच्या आकाराच्या पानांची ग्लॉसॉप्टेरिस ही वनस्पती प्रमुख होती. झाडे पडत गेली, चिखलात गाडली गेली, दरीचा तळ खचत राहिला व वर वाळूचे थर येत गेले. उष्णता व दाब यांमुळे त्या वनस्पतींचा दगडी कोळसा झाला. वणी, घुग्घुस, माजरी, बल्लारपूर येथील कोळसा तो हाच. काही ठिकाणी त्याच्या थराची जाडी पंधरा मीटरहून अधिक आहे. १८७७ साली टी. डब्ल्यू. एच. ह्यूज यांनी वर्धा खोऱ्यातील कोळसाक्षेत्राचा विस्तृत अहवाल प्रसिद्ध केला आणि आज या भागातील उत्पादन मुख्यतः नागपूर येथे मुख्यालय असलेल्या वेस्टर्न कोलफील्ड्स या सार्वजनिक कंपनीकडे आहे.

ग्लॉसॉप्टेरिसच्या पानांचे ठसे गोंडवनभूमीच्या सर्व तुकड्यांत सापडतात. दक्षिण ध्रुवाहून परतताना कॅप्टन स्कॉट व त्यांचे साथी १९१२ साली अंटार्क्टिकात मरण पावले. उपासमार व थंडी यांनी खंगलेल्या त्या माणसांनी सुमारे १६ किलो दगड शेवटपर्यंत टाकले नव्हते. त्या दगडांत ग्लॉसॉप्टेरिसचे जीवाश्म निघाले. अंटार्क्टिकातील ते पान आणि वर्धा खोऱ्यातील कोळसा यांचे कुळ एकच आहे.

नागपूर येथे कार्य करणारे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास या परिसरातील जीवाश्म जमविले. नागपूरच्या दक्षिणेस मांगली येथे मिळालेल्या एका उभयचर प्राण्याच्या कवटीचे वर्णन रिचर्ड ओवेन यांनी १८५५ साली लंडनमध्ये केले व त्यास ब्रॅकिऑप्स असे नाव दिले. ज्यांच्या नावाचे महाविद्यालय नागपुरात आहे ते हिस्लॉप हेच होत.

महाखंडाचा भंग

पँजिया सुमारे २० कोटी वर्षांपूर्वी फाटू लागला. सुमारे १७ ते १६ कोटी वर्षांपूर्वी गोंडवनभूमीचा पूर्व भाग, म्हणजे भारत, मादागास्कर, अंटार्क्टिका व ऑस्ट्रेलिया, आफ्रिकेपासून दूर होऊ लागला. सुमारे १३ कोटी वर्षांपूर्वी भारत व मादागास्कर यांनी अंटार्क्टिकाशी फारकत घेतली. ८.८ कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास मादागास्करही मागे राहिले. भारत एकटा, चहूबाजूंनी समुद्राने वेढलेला, उत्तरेकडे निघाला.

वर्धा-गोदावरी खचदरी मात्र समुद्र होण्याइतकी उघडली नाही. ती उघडली असती तर बस्तर व धारवाड यांच्यामध्ये आज महासागर असता. फाटता फाटता थांबलेली अशी दरी खंडाच्या आत व्रणासारखी राहते. आपल्या कोळशाचे रक्षण झाले ते या व्रणातच, कारण खाली बसलेल्या जमिनीतील थर झिजून जाण्यापासून वाचले.

या प्रवासाच्या अखेरच्या टप्प्यातील प्राण्यांच्या खुणा वरोऱ्याजवळील पिसदुरा येथे मिळतात. तेथे डायनोसॉरांची हाडे व अश्म झालेली विष्ठा सापडते. या विष्ठेत गवतकुळातील वनस्पतींचे सूक्ष्म सिकताकण आढळल्याचे २००५ साली प्रसिद्ध झाले. डायनोसॉरांच्या काळी गवत नव्हतेच, ही तोवरची समजूत त्यामुळे बदलावी लागली. ज्वारी, गहू, भात ही सर्व गवतकुळातील पिके आहेत, हे ध्यानी घेतले म्हणजे या शोधाचे मोल कळते.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेस असताना, हिंदी महासागरातील आजच्या रेयुनियों बेटाच्या स्थानाजवळ प्रावरणातून उसळलेला लाव्हा त्याच्या पृष्ठभागावर पसरला. हा उद्रेक शंक्वाकार ज्वालामुखीचा नव्हता. जमिनीला पडलेल्या लांब भेगांतून पातळ लाव्हा एकावर एक थरांनी वाहिला आणि त्याचा बहुतांश भाग सुमारे दहा लाख वर्षांच्या आत बाहेर पडला. आज शिल्लक असलेला बेसाल्टच सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर क्षेत्र व्यापतो. राळेगावची भूमी त्यात गाडली गेली. २०२१ साली याच जिल्ह्यात शिबला येथे रस्त्याच्या कामात षट्कोनी खांबांसारखा बेसाल्ट उघडा पडला. लाव्हा थंड होताना आकुंचन पावला व त्याला नियमित भेगा पडल्या, म्हणून ते खांब झाले. ते कोणत्याही प्राचीन मंदिराचे अवशेष नव्हेत.

लाव्हाच्या सुमारास भारत वर्षाला १५ सेंटिमीटरहून अधिक वेगाने धावत होता. सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी तो आशियाला भिडला, मधला टेथिस समुद्र मिटला, त्याच्या तळाचा गाळ उचलला जाऊन हिमालय उभा राहिला. तिबेटचे पठार व हिमालय यांचा आपल्या मोसमी पावसावर मोठा प्रभाव आहे, म्हणून राळेगावच्या कपाशीवर पडणाऱ्या पावसाचाही या टकरीशी संबंध आहे. भारत आजही वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर उत्तरेकडे सरकतो. सत्तर वर्षांच्या आयुष्यात माणूस न चालता साडेतीन मीटर पुढे गेलेला असतो.

ही गती थांबलेली नसल्याने द्वीपकल्पाच्या आतील जुन्या दुबळ्या रेषांवरही ताण साठतो. १३ एप्रिल १९६९ रोजी भद्राचलम येथे भूकंप झाला. ते ठिकाण गोदावरी खचदरीत आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी लातूर जिल्ह्यातील किल्लारी येथे बेसाल्टाच्या प्रदेशातच भूकंप होऊन हजारो माणसे मृत्युमुखी पडली. दख्खनचे पठार पूर्णतः निर्धोक आहे, या समजुतीवर विसंबून शाळा व सार्वजनिक इमारती बांधणे म्हणूनच योग्य नव्हे.

गावासाठी याचा अर्थ

आता विहिरीकडे परत येऊ. बेसाल्ट थरांनी बनलेला आहे. प्रत्येक थराचा वरचा भाग वायूंच्या बुडबुड्यांमुळे सच्छिद्र असतो व तो लवकर झिजतो. मधला व खालचा भाग घट्ट असतो. दोन थरांमध्ये कधी लाल मातीचा पट्टा असतो. पाणी साठते ते झिजलेल्या भागात व भेगांत, घट्ट कातळात नव्हे. अशा झिजलेल्या बेसाल्टाच्या शंभर घनमीटरमधून साधारणपणे एक ते तीन घनमीटर पाणीच विहिरीस मिळू शकते. शेजारच्या शेतात पाणी लागते आणि आपल्या शेतात लागत नाही, याचे कारण थरांची व भेगांची मांडणी दोन्हीकडे सारखी नसते. साठा एवढा तुटपुंजा असल्याने पावसाचे पाणी शिवारातच मुरविण्यास पर्याय नाही. भेगा असलेल्या झिजलेल्या खडकावर बांधलेला पाझर तलाव विहिरींना पाणी देतो, घट्ट कातळावरचा तसे देऊ शकत नाही. जागा ठरविताना भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचा सल्ला का घ्यावयाचा, हे यावरून स्पष्ट व्हावे.

पाणी आटले की अधिक खोल जाण्याचा मोह होतो. खोल खडकात दीर्घकाळ राहिलेले पाणी खडकातील क्षार विरघळवून घेते. राळेगावच्या दक्षिणेस पांढरकवडा परिसरातील भूजलात फ्लोराइडचे प्रमाण अधिक असल्याचे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दाखविण्यात आले आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे एक मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालते. दुसरा स्रोत नसेल तरच दीड मिलिग्रॅमपर्यंत ते स्वीकारावे, असे भारतीय मानक सांगते. यापेक्षा अधिक फ्लोराइड वर्षानुवर्षे पोटात गेल्यास मुलांच्या दातांवर डाग पडतात, पुढे हाडे ताठरतात, आणि झालेली हानी भरून येत नाही. म्हणून नवीन विंधन विहिरीला भरपूर पाणी लागले एवढ्यावर ग्रामपंचायतीने समाधान मानू नये. पाणी तपासल्याखेरीज ते पिण्यासाठी खुले करू नये. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ या कायद्याने खोल विहिरींवर नियमन आणले, त्यामागेही हाच विवेक आहे.

दुसरी बाब कोळशाची. वर्धा खोऱ्यात काही ठिकाणी बेसाल्टाखालीही गोंडवन थर आहेत. यावरून प्रत्येक शिवाराखाली कोळसा आहे असे अनुमान काढू नये, कारण कोळसा खचदरीच्या मर्यादेत व ठराविक थरांतच असतो. परंतु जेथे खाण येते तेथील ग्रामसभेपुढे पुनर्वसनाचे, पाण्याचे व जमिनीचे प्रश्न एकाच वेळी उभे राहतात. त्या वेळी आपल्या जमिनीखाली काय आहे, याची माहिती सभासदांना असणे अगत्याचे आहे. ज्याला तयार होण्यास कोट्यवधी वर्षे लागली, ते एका पिढीत संपू शकते. आणि उघड्या खाणीतून उपसलेले थर मूळ क्रमाने पुन्हा रचता येत नाहीत.

तिसरी बाब मातीची. राळेगावची काळी माती बेसाल्ट झिजून झालेली आहे. तिच्यातील चिकणमातीचे कण पाणी घेऊन फुगतात व उन्हाळ्यात आकुंचन पावतात, म्हणून जमिनीला भेगा पडतात. ओल धरून ठेवण्याच्या तिच्या गुणावर कोरडवाहू कपाशी उभी आहे. कातळाची माती होण्यास हजारो वर्षे लागतात, उताराच्या शेतातून ती वाहून जाण्यास काही जोरदार पावसाळे पुरतात. बांधबंदिस्ती व उताराला आडवी पेरणी यांचा आग्रह धरावयाचा तो याचसाठी.

शाळेत हा विषय शिकविण्यास महाग साधनांची गरज नाही. विहिरीतून निघालेला काळा दगड, त्याच्या पोकळ्यांत मिळणारी गारगोटी, वणीकडचा कोळशाचा तुकडा, मुकुटबनकडील चुनखडक आणि शिवारातील मूठभर माती, एवढे एका फळीवर वयाच्या क्रमाने मांडावे. चुनखडकावर सौम्य आम्लाचा थेंब टाकल्यास बुडबुडे येतात, बेसाल्टावर येत नाहीत. जगाच्या नकाशातून खंड कापून मुलांकडून ते जुळवून घ्यावेत. गावात विहीर खणली जात असेल तर वर्गाला तेथे न्यावे आणि कोणता थर किती खोलीवर लागला याची नोंद मुलांनी वहीत करावी. अशा नोंदी दहा-वीस वर्षे सांभाळल्या तर गावाच्या भूगर्भाचा नकाशा शाळेतच तयार होईल आणि पुढची विहीर खणताना ग्रामपंचायतीस तो उपयोगी पडेल.

आणखी काही कोटी वर्षांनी आजचे खंड पुन्हा एकत्र येतील असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. ते कसे जुळतील हे ठरविणे आपल्या हाती नाही. त्यांच्या मागच्या प्रवासाने आपल्या पदरी जे टाकले, ते पाणी, कोळसा व माती कसे वापरावे, हे मात्र आपल्या ग्रामसभेच्या हाती आहे. विहिरीत कातळ लागला म्हणून काठावर गप्प होण्याऐवजी तो कोणत्या थराचा आहे, हे विचारणारा शेतकरी व ते सांगू शकणारा शिक्षक गावोगावी असावा, एवढीच या अभ्यासाची अपेक्षा आहे.